पंपातला पडदा आणि श्वासाचा पडदा



अंबड तालुक्यातील मोसंबीच्या एका बागायतदार कुटुंबाशी माझा जुना स्नेह आहे. घरचे वडीलधारे, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, आता शहात्तर वर्षांचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांना खोकला झाला आणि तो लांबला, म्हणून जालन्याला नेऊन छातीचा एक्स-रे काढला. औषधाने खोकला आठ दिवसांत थांबला. एक्स-रेच्या अहवालातील एक ओळ मात्र घरात ठाण मांडून बसली : उजव्या बाजूचा डायफ्राम किंचित वर आहे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात त्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपाने दाब धरणे सोडले होते. दुकानदाराने पंप उघडून पाहिला आणि सांगितले, ‘डायफ्राम गेलाय.’ आत रबराची एक चकती होती, तिला चीर पडली होती. नवी चकती बसवली आणि पंप पूर्ववत चालू लागला.

पंधरा दिवसांनी त्या घरच्या सूनबाईंचा मला फोन आला. ‘अण्णांचाही डायफ्राम बिघडलाय म्हणे. पंपाचा नवा मिळाला. माणसाचा बसवतात का हो?’ मी काही बोलण्याआधीच त्यांनी खरी काळजी सांगितली. ‘तेव्हापासून अण्णा खाटेवरून उठतच नाहीत. म्हणतात, पडदा जुना झालाय, आता जपून वापरला पाहिजे. बागेत जात नाहीत, पायऱ्या चढत नाहीत, मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत.’

हा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. एकच शब्द दवाखान्यात आणि दुकानात दोन्हीकडे कानी पडला, तर मनुष्य दोन्हींचा अर्थ एकच लावणार. अण्णांनीही तेच केले, आणि त्यापायी शहात्तराव्या वर्षी पंधरा दिवस खाट धरली. म्हणून या पंधरवड्यात या एका शब्दाची उकल करू. आपल्या घरातही तो केव्हातरी कानी पडेल.

शब्द एक, कामे अनेक

‘डायफ्राम’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ आडवे घातलेले कुंपण. दोन जागांच्या मध्ये जो आडपडदा असतो, तो डायफ्राम. शरीरशास्त्राने हा शब्द छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यासाठी वापरला. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला श्वासपटल असे सुरेख नाव आहे. पुढे यंत्रे आली आणि यंत्रांमधल्या आडपडद्यांनाही अभियंत्यांनी हेच नाव दिले.

आपल्या घरात असे पडदे किती आहेत, हे पाहिले तर नवल वाटेल. स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरमध्ये रबराचा डायफ्राम असतो. सिलिंडरमधील गॅसचा दाब पुष्कळ असतो. हा पडदा स्प्रिंगच्या आधाराने वरखाली होत त्या दाबाला आवर घालतो, म्हणून शेगडीची ज्योत शांत राहते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातील छोटा पंपही डायफ्रामचाच. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची जी गोल, ताणलेली चकती आपल्या छातीवर टेकते, तिचेही नाव डायफ्राम. श्वासाचा आवाज त्या चकतीला कंप देतो आणि नळीतून कानापर्यंत पोहोचतो. घरी रक्तदाब मोजण्याच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातही दाब ओळखणारा एक अतिसूक्ष्म पडदा असतो.

फवारणीच्या पंपात काय होते? मोटर रबराच्या चकतीला मागे ओढते, तशी आतली पोकळी वाढते आणि टाकीतले द्रावण आत येते. मोटर चकतीला पुढे ढकलते, तशी पोकळी आक्रसते आणि द्रावण नळीवाटे बाहेर जाते. येण्याची वाट आणि जाण्याची वाट यांवर दोन झडपा असतात. औषधाचे द्रावण मोटरला शिवत नाही, कारण मध्ये पडदा आहे.

लोहाराचा भाता याच जातीचा. चामडे पसरले की हवा आत, दाबले की बाहेर. धाप लागलेल्या माणसाची छाती भात्यासारखी हलते असे आपण म्हणतो आणि जोरकस श्वासाच्या प्राणायामाला भस्त्रिका म्हणतो, तेही भात्यावरूनच. श्वास आणि भाता यांचे नाते आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते.

छातीचा तळ, पोटाचे छत

आता आपल्या शरीरातील पडदा पाहू. बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाशी, उपड्या ठेवलेल्या वाडग्यासारखा हा घुमटाकार स्नायू असतो. पुढे उरोस्थीचे टोक, बाजूंना खालच्या सहा बरगड्या आणि मागे कमरेचे मणके यांना त्याच्या कडा जोडलेल्या असतात. त्याच्या वर हृदय व फुप्फुसे, खाली यकृत, जठर आणि प्लीहा. अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांना वरखाली जाण्यासाठी या पडद्यात वाटा आहेत. त्याला हलवणारी मज्जातंतूची जोडी मानेतून निघते आणि छातीतून थेट खाली येते.

हा स्नायू आकुंचन पावला की घुमट सपाट होत खाली सरकतो. छातीची पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत येते. पोटातील अवयव थोडे खाली आणि पुढे लोटले जातात, म्हणून श्वास घेताना पोट फुगते. शांत श्वासात हा पडदा साधारण एक ते दोन सेंटिमीटर सरकतो, खोल श्वासात सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सोळा श्वास धरले, तर दिवसाला तेवीस हजारांवर फेऱ्या होतात. आपण झोपलो तरी तो झोपत नाही.

येथपर्यंत पंप आणि शरीर यांची चाल सारखी आहे. फरक यापुढे सुरू होतो.

पंपाचा पडदा आपण होऊन हलत नाही, मोटर त्याला हलवते. श्वासपटल मात्र स्वतःच मोटर आहे आणि स्वतःच पडदा. पंपाची मोटर चकतीला दोन्ही दिशांना हलवते. श्वासपटल केवळ श्वास आत घेण्याचे श्रम करते. शांत उच्छ्वास हा फुप्फुसांच्या आणि छातीच्या लवचिकपणाने, ताणलेले रबर सोडावे तसा, आपोआप होतो. वय वाढते तसा फुप्फुसांचा हा लवचिकपणा उणावतो, बरगड्यांचे सांधे ताठर होतात आणि छाती पूर्वीइतकी फुलत नाही. तेव्हा श्वासाचा अधिकाधिक भार श्वासपटलावर येतो. म्हातारपणी या स्नायूची मातब्बरी कमी न होता वाढते.

सर्वांत महत्त्वाचा फरक अण्णांना कोणी सांगितला नव्हता. रबराचा पडदा वापराने झिजतो. स्नायूचा पडदा न वापरल्याने झिजतो.

ही केवळ शब्दांची कसरत नाही. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या श्वासपटलाचे तंतू तपासले. अठरा ते एकोणसत्तर तास श्वासाचे सारे काम यंत्राने केले होते आणि श्वासपटलाला पूर्ण विश्रांती मिळाली होती. तेवढ्या अवधीत ते तंतू ठळकपणे बारीक झालेले आढळले. खाटेवर पडून राहणाऱ्या माणसाचे श्वासपटल काही पूर्ण थांबत नाही, त्यामुळे त्याची तुलना व्हेंटिलेटरशी करता येणार नाही. पण अशा माणसाचा श्वास उथळ होतो, फुप्फुसांचे तळाचे भाग पुरेसे उघडत नाहीत, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर बसते करण्याचा आणि तीन गोळ्यांचे श्वासयंत्र ओढायला लावण्याचा आग्रह डॉक्टर धरतात, तो यासाठीच.

ती एक ओळ

अहवालातील त्या ओळीचे काय? श्वासपटलाचे दोन घुमट असतात. उजव्या घुमटाखाली यकृत असते, म्हणून निरोगी माणसातही उजवा घुमट डाव्यापेक्षा थोडा वर दिसतो. ‘किंचित वर’ एवढ्या शब्दांनी घाबरून जाण्याचे कारण नसते. कधी एखादा घुमट फारच वर असतो किंवा श्वासाबरोबर हलत नाही. तेव्हा मज्जातंतूची दुर्बलता, फुप्फुसाचा आक्रसलेला भाग किंवा पोटातील विकार अशी कारणे शोधावी लागतात आणि डॉक्टर पुढील तपासण्या सांगतात. म्हणून अहवालातील ओळ घरी नेऊन तिचा अर्थ लावत बसण्यापेक्षा डॉक्टरांनाच विचारावे : ‘हे या वयात सर्वसाधारण आहे का? यासाठी काही करायचे आहे का?’ अण्णांच्या मुलाने हे दोन प्रश्न विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘सर्वसाधारण आहे. चालते राहू द्या.’

घराचा पडदा

अभियांत्रिकीत डायफ्रामचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मराठवाड्यातील ज्येष्ठांना चटकन उमगेल. इमारतीचा मजला किंवा छताचा स्लॅब यालाही बांधकामाचे अभियंते डायफ्राम म्हणतात. हा पडदा हलण्यासाठी नसतो, चारही भिंती एकत्र धरून ठेवण्यासाठी असतो. भूकंपाचा हादरा आला की तो भिंतींना सुटे पडू देत नाही, सर्वांवर भार वाटून देतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडांवर मातीचा जड थर टाकलेले माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते माळवद भिंतींना बांधून ठेवणारे नव्हते. भिंती चहूबाजूंना फाकल्या आणि जड छत झोपलेल्या माणसांवर आले. म्हणूनच भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामात भिंतींना चारही बाजूंनी गुंफणारे काँक्रीटचे पट्टे आणि भिंतींशी जखडलेले छत यांवर भर दिला जातो.

आपल्या श्वासपटलाकडे हेही काम आहे. आपण घागर उचलतो किंवा खुर्चीवरून उठतो, तेव्हा वरून श्वासपटल, पुढून पोटाचे स्नायू आणि तळाशी ओटीपोटाचे स्नायू मिळून पोटात दाब निर्माण करतात आणि कण्याला आतून आधार देतात. खोकणे, शिंकणे, शौचाला जोर देणे, या सर्वांत हाच दाब कामी येतो. पण श्वास कोंडून जोर दिला तर रक्तदाब एकाएकी चढतो आणि लगेच उतरतो. वयस्कर माणसाला तेवढ्याने भोवळ येऊ शकते. यासाठी एक साधा नियम लक्षात ठेवावा : श्रम करताना श्वास सोडावा. उठण्यापूर्वी श्वास घ्या आणि उठताना हळूच सोडा. शौचास कुंथावे लागत असेल तर बद्धकोष्ठतेवर उपाय करा, जोर वाढवू नका.

आपण काय करावे

जेवणानंतर निदान दोन तासांनी, पाठीला आधार देऊन खुर्चीत बसा किंवा गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे पडा. परकराची किंवा पायजम्याची नाडी सैल करा. आवळलेली नाडी पोटाला फुगू देत नाही, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मी अनेक घरांत पाहिली आहे. एक तळहात छातीवर, दुसरा बेंबीच्या थोडा वर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. खालचा हात वर उचलला जाईल, वरचा फारसा हलणार नाही. मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून, घेतलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लावून श्वास सोडा. पाच-सहा श्वासांपासून आरंभ करा आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटांपर्यंत वाढवा. भोवळ आली तर थांबा. याच्या जोडीला झेपेल तेवढे रोजचे चालणे हवेच. मोठ्याने वाचणे, भजन म्हणणे, नातवंडांना गोष्ट सांगणे, हाही या स्नायूचा व्यायामच आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना. दीर्घकाळ चुलीचा धूर किंवा विडी यांमुळे ज्यांना सीओपीडी हा विकार जडला आहे, त्यांची फुप्फुसे हवेने फुगून राहतात आणि श्वासपटलाचा घुमट आधीच सपाट झालेला असतो. अशांपैकी काहींना पोटाने श्वास घेण्याच्या प्रयत्नात धाप वाढते. त्यांनी हा भाग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा. ओठ आवळून श्वास सोडणे मात्र त्यांना बहुधा सुखावह वाटते. दुसरे असे, की उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी भस्त्रिका व कपालभाती यांसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

वयपरत्वे श्वासपटलातील अन्ननलिकेची वाट सैल होते आणि जठराचा थोडा भाग वर सरकतो. त्यामुळे रात्री आंबट पाणी घशाशी येते, कोरडा खोकला लागतो. जेवण थोडे-थोडे विभागून घ्यावे, रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास उरकावे आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करावी. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढत आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ती श्वासपटलाची अचानक आलेली उबळ असते. दोन दिवसांहून अधिक टिकली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरातील वडीलधारी व्यक्ती शांत निजलेली असताना, तिला न कळता, एक मिनिट श्वास मोजण्याची सवय ठेवा. बारा ते वीस ही सर्वसाधारण मर्यादा. काही वृद्धांत ती थोडी अधिक असते, म्हणून आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा ठाऊक असणे महत्त्वाचे. श्वास आत जाताना पोट वर येते की नाही, हेही पाहा.

उताणे निजल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे, रात्री गुदमरून उठून बसावे लागणे, ही हृदयाची किंवा श्वासपटलाची दुर्बलता असू शकते. ‘वय झाले’ म्हणून ती सोडून देऊ नका, एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. आणि विश्रांतीतही मिनिटाला पंचविसाहून अधिक श्वास पडत असतील, श्वास घेताना पोट फुगण्याऐवजी आत ओढले जात असेल, एक वाक्य एका दमात पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न निजवता, पुढे किंचित झुकवून, हात उशीवर टेकवून बसवा.

अण्णांना मी एवढेच सांगितले, की पंपाच्या चकतीला जपायचे तर पंप कमी चालवावा लागेल, पण या पडद्याला जपायचे तर चालवावाच लागेल. पहिल्या दिवशी ते ओट्यापर्यंत आले आणि दम लागला म्हणून बसले. पंधरा दिवसांच्या खाटेने एवढे केले होते. मग रोज थोडे-थोडे अंतर वाढले. मोसंबीच्या पहिल्या ओळीपर्यंत पोहोचायला त्यांना तीन आठवडे लागले. आता सूनबाईंची तक्रार वेगळी आहे. अण्णा पहाटेच बागेत जातात आणि हाका मारून सारे घर उठवतात. त्या हाकेलाही श्वासपटलाचे बळ लागते, हे मी त्यांना सांगितले आहे.